सिद्धीची कुळकथा : चांगदेव ते शक्तिमान

परदेशी विज्ञानकथेतल्या अतिमानवाचे बळ बहुधा परग्रहावरून किंवा प्रयोगशाळेतून येते. भारतीय दूरचित्रवाणीने ते योगसाधनेतून आणले. दूरदर्शनवर १९९७ साली सुरू झालेल्या ‘शक्तिमान’चा नायक सूर्यांशी गुरूंच्या देखरेखीखाली कुंडलिनी जागवतो आणि पंचमहाभूतांपासून शक्ती मिळवतो, त्याच्याविरुद्ध डॉक्टर जॅकालसारखे प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ उभे राहतात. मुकेश खन्ना यांनी रंगवलेल्या या नायकाची वंशावळ शोधू गेल्यास वाट सिद्धपुरुषांच्या कथांकडे जाते.

पतंजलीच्या योगसूत्रांतला विभूतिपाद अदृश्य होणे, आकाशातून जाणे, दुसऱ्याच्या देहात शिरणे अशा सिद्धी सांगतो. त्या समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, हेही तोच बजावतो. ही दोन्ही टोके महाराष्ट्रात एकाच कथेत भेटतात, आणि त्या कथेचे एक ठाणे मुक्ताईनगर तालुक्यात आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गावी सिद्ध योगी चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. त्याने इथेच तप केले, अशी श्रद्धा आहे. मरणाची घटका आली की तो प्राण ब्रह्मांडी चढवून बसे आणि काळ रिकाम्या हाताने परत जाई. असा तो चौदाशे वर्षे जगला. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला नायकही मरणाच्या दारात नवा देह घेतो. दोन्ही कथांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मरण चुकवण्याची ओढ तीच आहे.

चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघतो. समोर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही भावंडे एका पडक्या भिंतीवर बसलेली असतात. ती भिंतच त्याला सामोरी चालत येते. त्याची हुकमत सजीवांपुरती होती, इथे तर निर्जीवही चालू लागले. चांगदेवाचा अभिमान गळतो आणि वयाने लेकरू असलेल्या मुक्ताईला तो गुरू करतो. त्याने आधी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून ओळखल्या जातात. मुक्ताई १२९७ साली तापीकाठी मेहूण इथे विजेच्या लोळात अंतर्धान पावली, असे वारकरी मानतात. पूर्वीच्या एदलाबादला मुक्ताईनगर हे नाव तिच्यावरूनच मिळाले.

महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ हा संतचरित्रांचा ग्रंथ पुरा केला आणि अशा कथांना घरोघर वाचता येईल असे रूप आले. कीर्तनकारांनी त्या गावोगाव नेल्या. ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’ या १९४० सालच्या चित्रपटात भिंत खरोखर चालताना दिसली. दादासाहेब फाळक्यांनी पौराणिक चित्रपटांसाठी रुळवलेली युक्तिछायाचित्रणाची कला तोवर चांगलीच प्रगत झाली होती. चमत्कार कसा दिसावा, हे प्रेक्षकाच्या डोळ्याला या चित्रपटांनी शिकवले. पुढे १९८८ साली सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत ‘समय’ हाच निवेदक झाला: अवकाशाच्या पार्श्वभूमीवर फिरणारे चक्र आणि केवळ आवाज, पडद्यावर माणूस नाही. त्याच मालिकेतले भीष्म, मुकेश खन्ना, पुढे शक्तिमान झाले.

‘कॅप्टन व्योम’ या मालिकेने १९९८ साली वेगळी वाट धरली. तिथे अवकाशयाने, परग्रह आणि दूरचा भविष्यकाळ आहे. मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीत पुराणातले नाव घेतले, पण त्या नावाखाली यंत्रमानव उभा केला. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी मालिकेच्या २००४ सालच्या नव्या आवृत्तीने तर शीर्षकसंगीतात गायत्री मंत्रच वापरला.

या प्रवासात सिद्धी पडद्यावर आली, तिचा पराभव मात्र मागे राहिला. शक्तिमानला गुरू आहेत आणि संयमही आहे, तरी मालिकेचा सारा भर सामर्थ्य दाखवण्यावर राहतो. चांगदेवाच्या कथेत चौदाशे वर्षांचे सामर्थ्य एका मुलीपुढे वाकते. एवढी धीट कथा आपल्या विज्ञानमालिकांनी अजून उचललेली नाही.