क्रुसाचा बन आणि गिरणगावची भट्टी



वसंतातल्या व्याख्यानाला बनपावाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे ऐकण्याची आपल्याला सवय. परंतु स्वयंपाकघर आणि भट्टी यांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा दरबारी कागदांपेक्षा अधिक खरे बोलतो.

गुड फ्रायडे, ज्याला मराठी ख्रिस्ती बांधव उत्तम शुक्रवार म्हणतात, तो २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान, म्हणजे आपल्या पाडव्याच्या मागेपुढे येतो. त्या दिवसासाठी मुंबईतल्या काही बेकऱ्यांत एक गोडसर बन भाजला जातो. त्यात बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल, दालचिनी, जायफळ व लवंग असते आणि माथ्यावर पिठाच्या पांढऱ्या रेघांचा क्रूस असतो. याचे नाव हॉट क्रॉस बन. १९०८ साली सुरू झालेली अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी ज्या थोड्या जागांमुळे ओळखली जाते, त्यांत या बनाचाही वाटा आहे.

हा बन मूळचा इंग्लंडचा. सेंट अल्बन्सच्या मठातील एका साधूने १३६१ साली गरिबांना असे बन वाटले, अशी तिकडची आख्यायिका आहे. तिला आपण आख्यायिकाच मानू. १५९२ सालचा लंडनचा हुकूम मात्र खरा. बाजारावरील अधिकाऱ्याने फर्माविले की, मसाल्याचे बन अंत्यविधी, नाताळ आणि ईस्टरपूर्वीचा शुक्रवार हे प्रसंग वगळता विकू नयेत. विकल्यास माल जप्त करून गरिबांना वाटावा. धर्मसुधारणेनंतरचा तो काळ. जुन्या कॅथलिक चालीरीतींविषयीचा संशय या हुकमामागे असावा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. म्हणजे एका साध्या बनावर राज्यकर्त्यांची नजर होती, कारण त्यात त्यांना धर्म दिसत होता.

आता आपल्याकडे वळू. १५३४ साली वसई व मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर पाव आला. हा शब्दच पोर्तुगीज आहे. गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर, हेही नाव त्याच भाषेतून आलेले. यीस्टच्या पुड्या तेव्हा नव्हत्या. पीठ आंबविण्यासाठी माडाची माडी वापरीत. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचे फुगेही पूर्वी असेच आंबविलेल्या पिठाचे होत. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे. परळला जेथे आज हाफकिन संस्था आहे, तेथेही एकेकाळी जेझुइट पाद्र्यांचे ठाणे होते. तात्पर्य, लोअर परळच्या आसपास गिरण्यांचे भोंगे वाजू लागण्यापूर्वी कितीतरी आधी चर्चच्या घंटा वाजत होत्या.

आणि मग पावाविषयीचा आपला संशय! विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि अख्खा गाव बाटला, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या गेल्या. त्यांतील प्रत्येक कथा इतिहास नव्हे, पण त्यांतील भीती खरी होती. ज्याने नकळत ते पाणी प्यायले त्याला परत घेण्याची हिंमत समाजाने दाखविली नाही, आणि दोष मात्र पावाच्या माथी मारला. लंडनच्या अधिकाऱ्याला बनात कॅथलिक दिसला, आमच्या पंचांना पावात फिरंगी दिसला. पीठ बिचारे तेच!

हा विटाळ धुतला कोणी? माझ्या मते, पोथ्यांनी नव्हे, गिरण्यांनी. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि पुढे परळ-लालबागचा गिरणगाव उभा राहिला. कोकणातून, घाटावरून माणसे आली ती बहुधा घर गावी ठेवून. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याला भाकरी थापून देणारे घरात कोणी असेलच असे नाही. त्याला स्वस्त, तयार आणि चहात बुडणारे अन्न हवे होते, ते पावाने दिले. गोवेकर, इराणी आणि मुसलमान भट्टीवाल्यांचा पाव वारकऱ्याच्या माळेखालून निमूट पोटात उतरला. पुढे मिसळीला पाव लागला, आणि १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर वडापावाचा जन्म झाला असे सांगतात. आज त्याला आपण मराठी अन्न म्हणतो ते रास्तच आहे.

क्रुसाच्या बनाचे काम मात्र पावापेक्षा नाजूक. साखर पिठातले पाणी धरून ठेवते आणि दालचिनी यीस्टला मंदावते. म्हणून हे पीठ सावकाश फुगते व भट्टीवाल्याला अधिक वेळ धीर धरावा लागतो. शिवाय गोड पीठ लवकर करपते. लाकडाच्या भट्टीत विटा तापवून त्यांच्या साठलेल्या उष्णतेवर भाजतात; ती ऊब हाताने आणि अनुभवाने जोखावी लागते. या बनाचे खाणारे मात्र थोडे. त्या शुक्रवारी गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मुख्यतः उपवास असतो आणि एकवेळ साधी पेज. केरळात आदल्या दिवशी घरोघर तांदळाचा न आंबविलेला अप्पम करून त्यावर झावळीच्या पात्याचा क्रूस ठेवतात. उत्सव एक, पण ज्या मातीत गेला त्या मातीचे धान्य त्याने घेतले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव पूर्वीचा राहिला नाही. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला. ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. मुंबईची हवा पाहता या आदेशाला विरोध करणे मला जमणार नाही. धूर लोकांच्या छातीत जातो, आणि सर्वांत आधी तो भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च कोणी सोसायचा? लहान बेकरी त्यापायी बंद पडली, तर तिच्यातला कामगार कोठे जाईल? गिरण्या गेल्या तेव्हा हा प्रश्न आपण वेळेवर विचारला नाही.

चैत्रात आपण कडुनिंबाचे पान चावतो, पुरणात जायफळ किसतो. तेच जायफळ त्या बनातही असते. पुढल्या उत्तम शुक्रवारी शेजारच्या ख्रिस्ती घरातून एखादा बन आला, तर तो निःशंकपणे खा. आणि खाताना तो कोणाच्या हातांनी, किती वाजता उठून भाजला, याची एकदा चौकशी करा. एवढेच माझे मागणे आहे.