फुलोऱ्यातला आरसा

यंदा श्रावणात कानबाईसाठी सुरतेचा भाऊ सहकुटुंब धुळ्याला आला. कानबाईला खानदेशी माणूस असेल तिथून घर गाठतो, त्यात नवल नाही. नवल वाटले ते बारा वर्षांच्या पुतणीच्या खेळाचे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा खेळ मार्च 2020मध्ये आला. त्यात एक बेट मिळते, तिथले घर आपण सजवायचे. तिच्या घरात मेजावर दोन पांढरे चपटे गोळे एकावर एक आणि वर एक नारिंगी फळ मांडलेले होते. "काका, ही कागामी मोची. खायची नाही, नुसती मांडायची." शेजारी करंज्या दोऱ्यात ओवत बसलेल्या आईने मान वर न करता विचारले, "मंग ते उतारतस कव्हय?"

अहिराणी पुतणीपर्यंत पोचलेली नाही, तिला प्रश्न कळला नाही. मी मात्र त्यात अडकलो.

आई ओवत होती तो फुलोरा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आमच्या घरी तिच्यावर करंज्या, पापड्या, साटोऱ्या टांगतात. त्यांत कणकेची वेणी, फणी आणि आरसाही असतो, कारण देवी माहेरवाशीण, तिला साजशृंगार हवा. तळलेला आरसा! लहानपणी माझी नजर त्यावरच असे. पण सोमवारी विसर्जन होईपर्यंत हात लावायची सोय नव्हती. रोटांचे आणखी कडक. गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठींनी मोजायचा आणि रोट भाऊबंदांनीच खायचे.

आता गंमत अशी, की 'कागामी' म्हणजेही आरसा. चिकट तांदूळ वाफवून, कांडून केलेले हे गोळे जुन्या धातूच्या गोल आरशांसारखे दिसतात, म्हणून ते नाव. वरचे फळ 'दाइदाइ'. त्या शब्दाच्या उच्चारात 'पिढ्यानपिढ्या' असाही अर्थ निघतो. नववर्षासाठी मांडलेली ही मोची बहुतेक ठिकाणी 11 जानेवारीला उतरवतात. तोवर ती दगडासारखी झालेली असते. तिला सुरी लावत नाहीत, कारण सामुराईंना त्यात पोट चिरण्याचा अपशकुन दिसे. हातोडीने फोडतात, त्यालाही 'फोडणे' न म्हणता 'उघडणे' म्हणतात, आणि तुकडे लाल चवळीसारख्या कडधान्याच्या गोड कढणात घालून खातात. आईच्या प्रश्नाला जपानमध्ये अशी ठरलेली तारीख आहे. खेळात ती नाही.

यावरून 'आभासी जगाने अन्नाचा प्राण काढला' असा सूर लावणे सोपे आहे. मला तो पटत नाही. न खाण्याचे पदार्थ जपानने संगणकाच्या कितीतरी आधी केले. ताकिझो इवासाकी यांनी 1932 साली ओसाकात मेणाच्या पदार्थांचा धंदा काढला; उपाहारगृहांच्या काचेआड असे नमुने आजही दिसतात. आणि आपले रुखवत? मुळात ते नवरदेवासाठी न्यायचे फराळाचे. गेल्या वर्षी जळगावला एका लग्नात मी रुखवताचे टेबल मोजले: सतरा वस्तूंपैकी खाण्याजोगे लाडू तेवढे होते, तेही चिकटपट्टीने बंद. बाकी थर्माकोल. नवरीच्या मावशीने महिनाभर जागून केलेले, हेही खरे. त्या कलेला नावे ठेवायला माझी जीभ धजत नाही.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927पासून आहे. या गावात वाढलेल्या माणसाला जुना कागद जपायची सवय आपोआप लागते. मी पंचवीस वर्षे सनदा, वह्या, पत्रे उतरवून घेतली. फुलोऱ्यात काय काय असते, कोणते आधी टांगतात, वेणीचे पेड किती, हे एकदाही लिहिले नाही. रोज समोर जेवणाऱ्या आईला काय विचारायचे! ती आता ब्याऐंशीची आहे, यंदा फणीचे दाते पाडताना तिचा हात थरथरत होता. त्या जपानी खेळात मोचीला स्वतःचे चित्र आहे, नाव आहे. आमच्या फुलोऱ्याची माझ्याकडे यादीही नव्हती.

रविवारी रात्री वही घेऊन तिच्यापुढे बसलो. चौदा जिन्नस निघाले. दोन तिने सांगितले पण करून दाखवले नाहीत, "ते तुन्या आजीले येत होतं" म्हणाली. सोमवारी फुलोरा उतरवला. आरसा पुतणीने मागून घेतला, अर्धा तिथेच खाल्ला आणि उरलेला सुरतेला नेला.