नाकपोकळीचा कर्करोग : लक्षणे व निदान

नाकाची पोकळी व तिच्याभोवतीची हाडांतील हवायुक्त विवरे (सायनस) यांच्या अस्तरात उद्भवणारा विरळ कर्करोग. बहुतेक अर्बुदे पट्टकी (स्क्वॅमस) पेशींची असतात. विवरांपैकी गालामागील विवरात तो अधिक आढळतो.

लाकडाची व चामड्याची धूळ, निकेल शुद्धीकरण आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कारागिरांत या रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे १९६०च्या दशकात दिसून आले.

लक्षणे : सुरुवातीला सर्दी किंवा सायनसचा दाह असावा असे वाटते, त्यामुळे निदान लांबते. मात्र सर्दीत सहसा दोन्ही नाकपुड्या चोंदतात. येथे बहुधा एकच चोंदलेली राहते, तिच्यातून रक्त किंवा रक्तमिश्रित स्राव येतो. वास कमी होणे, गालाला सूज वा बधिरता, वरचे दात हलणे, कवळी नीट न बसणे, डोळ्यातून सतत पाणी येणे, डोळा पुढे येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे व मानेत गाठ येणे ही पुढील लक्षणे होत.

निदान : कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक तपासतात. सीटी स्कॅनने हाडांची झीज, तर एमआरआयने डोळा व मेंदूकडील प्रसार समजतो. खात्री मात्र बायॉप्सीनेच होते. गाठ रक्तवाहिन्यांची असल्यास बायॉप्सीत मोठा रक्तस्राव संभवतो, म्हणून स्कॅन आधी करतात.

एकाच बाजूची लक्षणे तीन आठवडे टिकल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.