बालपरिचर्या व्यवसाय, महाराष्ट्रातील
नवजात अर्भकापासून किशोरवयापर्यंतच्या आजारी बालकांची शास्त्रशुद्ध शुश्रूषा करणे, त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवणे आणि मातापित्यांना संगोपनाचे शिक्षण देणे, या कार्यास ‘बालपरिचर्या’ म्हणतात. परिचर्येची ही एक विशेष शाखा होय. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, या जाणिवेतून ती उदयास आली. बालकाच्या औषधाची मात्रा बहुधा त्याच्या वजनावरून काढावी लागते. शिरेतून द्यावयाच्या द्रवासाठी ६० थेंबांचा १ मिलि. होईल अशी सूक्ष्म नळी वापरतात. तान्ह्या मुलास आपले दुखणे सांगता येत नाही. त्यामुळे श्वासाची गती, त्वचेचा रंग, रडण्याचा स्वर व दूध ओढण्याची ताकद यांवरून परिचारिकेस त्याची अवस्था ओळखावी लागते. हे कौशल्य केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही. त्यासाठी बालकांच्या कक्षात दीर्घकाळ काम करावे लागते. अशा अनुभवी परिचारिका घडविण्याची व त्यांना त्याच कामावर टिकवून ठेवण्याची व्यवस्था कितपत उभी राहिली, हाच या व्यवसायाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : केवळ बालकांसाठी असलेले रुग्णालय पॅरिसमध्ये १८०२ साली स्थापन झाले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालय चार्ल्‌स वेस्ट यांच्या प्रयत्नांतून १८५२ मध्ये अवघ्या १० खाटांनिशी सुरू झाले. आजारी मुलांच्या शुश्रूषेवर वेस्ट यांनी १८५४ मध्ये एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनमध्ये परिचर्याविद्यालय काढल्यानंतर परिचर्येस व्यवसायाचे रूप आले. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील प्रमुख परिचारिका कॅथरिन वुड यांनी बालकांच्या परिचारिकांस वेगळे शिक्षण मिळाले पाहिजे, असा आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरला.

मुंबई इलाख्यात या कार्याचा आरंभ स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेबरोबर झाला. स्त्रिया व बालके यांच्यासाठी मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. एडिथ पीची या इंग्रज महिला डॉक्टरकडे त्याची सूत्रे होती. त्या काळी परिचर्या हे प्रामुख्याने यूरोपीय, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती स्त्रियांचे क्षेत्र समजले जाई. परक्या पुरुषांची सेवा, रात्रपाळी व सोवळ्याओवळ्याच्या कल्पना यांमुळे इतर समाजांतील स्त्रिया त्याकडे क्वचितच वळत. काशीबाई गणपत या १८९१ मध्ये परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आल्या. शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. समाजात त्याबद्दल कुजबुज झाली. तथापि स्वावलंबनाचा प्रतिष्ठित मार्ग म्हणून परिचर्येकडे पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजण्यास या कार्याने मोठी मदत झाली.

बालकांसाठी स्वतंत्र असे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय मुंबईत १९२९ मध्ये उघडले. परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३५ साली झाला. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीकृत परिचारिकांची संख्या सु. ७,००० एवढीच होती. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर १९४७ च्या अधिनियमाने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि शिक्षणास देशभर समान दर्जा लाभण्याचा पाया घातला गेला. मुंबईत १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय स्थापन झाले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नासिक येथे सुरू झाल्यावर राज्यातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

मराठवाडा व परतूर : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई इलाख्यातील वरील कायदे व संस्था यांचा लाभ या भागास झाला नाही. निजामाच्या रेल्वेचा मनमाडकडे जाणारा फाटा १९०० च्या सुमारास परतूरवरून गेला. त्यामुळे जालना, परभणी व औरंगाबाद ही गावे परतूरला जोडली गेली. औरंगाबाद येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लोकांत ‘घाटी’ या नावाने प्रसिद्ध असलेले त्याचे रुग्णालय हे मराठवाड्यातील गंभीर आजारी मुलांचे मोठे आश्रयस्थान झाले. परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात आला. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याच्या गावी जिल्हा रुग्णालय व स्त्री रुग्णालय आणि त्यापुढे घाटी, अशी उपचारांची उतरंड त्यानंतर स्थिरावली. जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. रुग्णबालकाचा जो मार्ग, तोच बालपरिचर्येत पुढे जाऊ इच्छिणाऱ्या परतूरच्या मुलीचाही राहिला आहे : प्रत्येक पुढच्या पायरीसाठी गाव सोडावे लागते.

शिक्षण व पदांची श्रेणी : साहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा पाठ्यक्रम दोन वर्षांचा असतो. बारावीनंतर सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या यांची तीन वर्षांची पदविका किंवा विज्ञान शाखेच्या बारावीनंतर चार वर्षांची पदवी घेता येते. पदविकाधारकास पुढे दोन वर्षांच्या पाठ्यक्रमाने पदवी मिळविता येते. या सर्वांत बालपरिचर्या हा एक विषय असतो. विशेष अभ्यास त्यानंतर सुरू होतो. नवजातांच्या परिचर्येची पदव्युत्तर स्वरूपाची एक वर्षाची पदविका आणि बालपरिचर्या हा मुख्य विषय घेऊन करावयाची दोन वर्षांची पारंगत पदवी, हे त्याचे प्रमुख मार्ग होत. दोहोंच्या आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव अपेक्षित असतो.

शासकीय सेवेत प्रवेश अधिपरिचारिका म्हणून होतो. त्यापुढे परिसेविका, साहाय्यक अधिसेविका व अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. अध्यापनाकडे वळणारी परिचारिका पाठ्यनिर्देशिका होते. बालरुग्ण परिचारिका हे वेगळे पदही राज्याच्या सेवेत निर्माण करण्यात आले. तथापि मुख्य श्रेणीची रचना प्रशासकीय आहे. परिसेविका कक्षाचा कारभार पाहते. अधिसेविकेकडे पाळ्या, रजा, भांडार व शिस्त यांचा भार असतो. परिणामी पदोन्नती मिळते तसतशी परिचारिका बालकाच्या खाटेपासून दूर जाते. जी खाटेपाशी राहते, तिच्या अंगी वीस वर्षांचे कौशल्य असले तरी पदनामात ते दिसत नाही. ज्येष्ठता व तज्ज्ञता यांची ही फारकत या व्यवसायाचे सर्वांत मोठे वैगुण्य ठरली आहे.

नवजात दक्षता कक्ष : या वैगुण्याची जाणीव नवजात बालकांच्या उपचारांनी तीव्र केली. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरोघर नवजातांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युप्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नीट शिकविलेल्या व त्याच कामावर राहिलेल्या हातांचे सामर्थ्य त्यातून सिद्ध झाले.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यानंतर जिल्हा पातळीवर विशेष नवजात दक्षता कक्ष उभारण्यात आले. १,८०० ग्रॅ.पेक्षा कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेली अर्भके अशा कक्षांत ठेवली जातात. प्रत्येक पाळीत तीन-चार खाटांमागे एक परिचारिका असावी व तेथील प्रशिक्षित परिचारिकांची इतरत्र अदलाबदल करू नये, असे या कक्षांच्या मार्गदर्शक सूत्रांत अभिप्रेत आहे. तेथील परिचारिकांसाठी चार दिवसांचे प्रशिक्षण व त्यानंतर दोन आठवडे मोठ्या कक्षात निरीक्षण अशी योजना आहे. एका वर्षाच्या पदविकेची जागा ही योजना घेऊ शकत नाही. उरलेले शिक्षण परिचारिका ज्येष्ठ सहकारिणीकडून घेते. अशी ज्येष्ठ परिचारिका बदलून गेल्यास केवळ एक पद रिकामे होत नाही, तर त्या कक्षाची शाळाच बंद पडते.

भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली. या कक्षांतील बालके स्वतः हालू शकत नाहीत. इमारत, विद्युत्‌यंत्रणा व मनुष्यबळ यांच्या सुस्थितीवर त्यांचे प्राण अवलंबून असतात, हे या दुर्घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

माता आणि परिचारिका : इंग्लंडमध्ये रुग्णालयातील मुलास आईपासून दूर ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने मातापित्यांना मुक्त प्रवेश देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातील बालकक्षांत मात्र आई बहुधा मुलाच्या खाटेशीच राहत आली आहे. त्यामुळे येथील परिचारिका शुश्रूषा करते तशी शिकवितेही. अर्भकास छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब देण्याची कांगारू मातृसेवा, वाटी-चमच्याने दूध पाजणे, जलसंजीवनी तयार करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे या गोष्टी आई तिच्याकडून शिकून गावी नेते. परतूरसारख्या तालुक्यात घरी परतलेल्या अशक्त अर्भकाचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी या शिक्षणावर अवलंबून राहते.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्याची तरतूद झाली. शिक्षणाचा दर्जा व नोंदणी यांचा विचार त्यात आहे. परंतु बालकाजवळ राहूनच ज्येष्ठ होता येईल अशी तज्ज्ञ पदांची श्रेणी तालुका व जिल्हा रुग्णालयांत निर्माण होणे, ही या व्यवसायाची जुनी गरज आहे. ती पूर्ण झाल्यास मोठ्या शहरात शिकून आलेल्या परिचारिकेस आपल्या भागात परत येण्याचे कारण मिळेल आणि तिच्या अनुभवाचा लाभ ज्या बालकांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचेल.