भग्न कण्याचा इतिहास आणि परदेशची वाट

पारोळा म्हटलें कीं इतिहासप्रेमी वाचकांच्या डोळ्यांपुढें तेथील भुईकोट किल्ला उभा राहतो. इ. स. १७२७ सालीं जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं तो बांधिला, सत्तावनच्या धामधुमीनंतर इंग्रज सरकारनें जहागीर जप्त करून त्याची मोडतोड केली, आणि झांशीच्या राणीच्या आप्तकुळाशीं त्याचें नातें सांगितलें जातें, एवढी माहिती खानदेशांतील शाळकरी मुलांसहि असते. आज आम्ही ज्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तो तटबुरुजांचा नव्हे. मनुष्याच्या पाठीच्या कण्याचा आहे. पण पारोळ्यासारख्या गांवांतील कित्येक घरांशीं त्याचा संबंध किल्ल्याहून अधिक निकटचा आहे.

खानदेशांत कणा मोडण्याचीं कारणें गूढ नाहींत. उन्हाळ्यांत धाब्यावर निजलेला मनुष्य झोपेंत खालीं येतो; शेळ्यांसाठीं लिंबाचा पाला काढणारा फांदीसह कोसळतो; विहिरीच्या कामावरील मजुराचा पाय सुटतो; आणि सुरतेहून नागपुराकडे जाणाऱ्या ज्या महामार्गावर पारोळा वसलें आहे, त्या महामार्गावर मोटारसायकल आणि मालमोटार यांची गांठ पडते. उंचावरून पडणें आणि वाहनांचे अपघात हींच साऱ्या भारतांत या दुखापतीचीं प्रमुख कारणें होत, आणि तिला बळी पडणारे बहुधा कमावते तरुण पुरुष असतात. धुळें किंवा जळगांव, तेथून नाशिक वा मुंबई, असा प्रवास होतो; शस्त्रक्रियेनें मणका सांधला जातो; पण मणक्याच्या आंतील मज्जारज्जु सांधला जात नाहीं. पाय परत येणार नाहींत, असें डॉक्टर सांगतात. पुढें सहा महिन्यांनीं कोणी आप्त बातमी आणतो कीं, अमुक देशांत मूलपेशी, म्हणजे ज्यांस इंग्रजींत स्टेम सेल म्हणतात त्या, कण्यांत टोंचतात व मनुष्य चालूं लागतो. मात्र खर्च शेताच्या किंमतीएवढा येतो. शेत विकावें कीं राखावें, हा प्रश्न मग ओसरीवर बसून सोडवावा लागतो. त्या घरास शास्त्राचा उपदेश करण्यापेक्षां या वाटेवरून पूर्वीं कोण गेलें व काय घेऊन परतलें, हें सांगणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें.

या इतिहासाचा आरंभ इजिप्तमध्यें होतो. एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें इ. स. १८६२ सालीं लक्सर येथें एक प्राचीन वैद्यकीय पट विकत घेतला. तो ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराचा असून त्यांतील मजकूर त्याहूनहि जुना आहे. ब्रेस्टेड या पंडितानें १९३० सालीं त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत दुखापतींचीं ४८ प्रकरणें असून प्रत्येकाच्या शेवटीं तीनांपैकीं एक निर्णय दिलेला असतो: यावर मी उपचार करीन, याच्याशीं मी झुंजेन, यावर उपचार करूं नये. मानेचा मणका निखळलेला, हातापायांची शुद्ध हरपलेली, नकळत लघवी होणारी, असा मनुष्य जेथें वर्णिला आहे, तेथें तिसरा निर्णय आहे.

आमच्या वैद्यकांतहि असेच विभाग केलेले आढळतात. जो बरा होतो तो साध्य. जो बरा होत नाहीं, परंतु पथ्य व उपचार चालूं असेतों आवरून धरतां येतो, तो याप्य. आणि ज्यास वैद्यानें हात लावूं नये तो प्रत्याख्येय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत बजाविलें आहे कीं, असाध्य व्याधीवर उपचार करूं जाणाऱ्या वैद्याची संपत्ति, विद्या व कीर्ति यांची हानि होते. यांतील संपत्तीची गोष्ट काळानें किती उलटी करून टाकिली, हें पुढें दिसून येईल.

भग्न मज्जारज्जु असाध्य कां, याचें उत्तर गेल्या शतकांत सांपडूं लागलें. बोटाची नस तुटली तर ती हळूहळू पुन्हां वाढते. मज्जारज्जूंतील तंतु तुटले तर ते थोडे धडपडतात व थांबतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यानें सूक्ष्मदर्शकाखालीं ही धडपड पाहिली, आणि प्रौढ प्राण्याच्या मज्जासंस्थेंत तुटलेले मार्ग पुन्हां जुळत नाहींत असा निष्कर्ष काढला. तथापि हा कठोर नियम बदलतां येईल काय, हा प्रश्न त्यानें भावी शास्त्रावर सोंपविला. इकडे पहिल्या महायुद्धांत कण्यास गोळी लागलेले बहुतेक शिपाई थोड्याच आठवड्यांत मरत. त्यांस मज्जारज्जूच्या जखमेनें क्वचितच मारिलें. अंथरुणाच्या जखमा आणि मूत्राशयाचा विषार यांनीं मारिलें.

हा भेद ज्यानें नीट ओळखला, त्याचें नांव लुडविग गुटमान. हा ज्यू डॉक्टर १९३९ सालीं जर्मनींतून इंग्लंडमध्यें आश्रयास आला आणि फेब्रुवारी १९४४ मध्यें स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत त्यानें कणाग्रस्त शिपायांचा विभाग उघडला. त्याच्याजवळ कोणतेंहि नवें औषध नव्हतें. दिवसरात्र दर दोन तासांनीं रुग्णाची कूस बदलणें, मूत्रमार्गाची निर्मळ व्यवस्था, व्यायाम, काम आणि खेळ, एवढीच त्याची सामग्री. जे आठवड्यांत मरत ते वर्षानुवर्षें जगूं लागले. २९ जुलै १९४८ रोजीं लंडनच्या ऑलिंपिकचा आरंभ होत असतां याच रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चींत बसलेल्या सोळा जणांनीं धनुर्विद्येचे सामने खेळले. पुढें वाढलेल्या पॅरालिंपिक स्पर्धांचें बीज तें हेंच. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, साडेतीन हजार वर्षें जो व्याधि प्रत्याख्येय होता, तो एका माणसाच्या हयातींत याप्य झाला. या इतिहासांत एवढी मोठी क्रांति दुसरी झालेली नाहीं; परंतु तींत चमत्कार नसल्यामुळें तिची वार्ता ओसरीपर्यंत सहसा पोंचत नाहीं.

महाराष्ट्रांत या क्रांतीचीं फळें पाहावयास फार दूर जावें लागत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत जखमी झाले. गोळी कण्यांत रुतून राहिली. याच पेटकरांनीं १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१८ सालीं त्यांस पद्मश्री लाभली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर गेले. त्यांनीं १९८४ सालीं अपंगांसाठीं संस्था उभारली व 'चाकाची खुर्ची' हें आत्मचरित्र लिहिलें. मुंबईस हाजीअली येथें १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. खडकीस जखमी जवानांचें पुनर्वसन केंद्र आहे.

परदेशीं उपचारास जाऊन काय आणावें, याचेंहि एक उत्तम उदाहरण आपल्या देशांत आहे. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया हे मे १९६५ मध्यें एव्हरेस्टच्या शिखरावर उभे होते आणि त्याच वर्षीं युद्धांत गोळी लागून त्यांचें शरीर लुळें पडलें. ते स्टोक मँडेव्हिलला गेले. तेथून ते चालत परतले नाहींत. पण तेथील व्यवस्था मनांत सांठवून परतले, आणि तिच्या आधारें दिल्लीस कण्याच्या दुखापतींचें एक मोठें रुग्णालय त्यांनीं उभें केलें.

आतां तिसरा प्रवाह, म्हणजे असाध्यास साध्य करूं पाहणारा. त्याचा उगम शुद्ध विज्ञानांत आहे आणि त्याची कोणी थट्टा करूं नये. १९८१ सालीं माँट्रिअल येथें डेव्हिड व आग्वायो या दोघांनीं दाखविलें कीं, उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा बसविला असतां मज्जारज्जूंतील तंतु त्यांतून सुमारें तीन सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तंतूंस वाढतां येत नाहीं असें नसून भोंवतालची भूमि त्यांस वाढूं देत नाहीं. १९९८ मध्यें मानवी भ्रूणाच्या मूलपेशी प्रयोगशाळेंत वाढविल्या गेल्या. २००६-०७ मध्यें जपानच्या यामानाका यांनीं सामान्य पेशींस पुन्हां मूलपेशींचें रूप देण्याची युक्ति शोधिली व २०१२ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. या पायऱ्या खऱ्या आहेत, आणि त्यांवर भरंवसा ठेवणारा मनुष्य मूर्ख नव्हे.

पण विज्ञान एक पायरी चढतें तोंच आशा आणि व्यापार दहा पायऱ्या पुढें जाऊन बसतात. या शतकाच्या आरंभीं लिस्बन येथें रुग्णाच्याच नाकांतील अंतस्त्वचा कण्यांत रोंवण्यास प्रारंभ झाला. बीजिंग येथें गर्भाच्या मेंदूंतील पेशी टोंचण्यांत येऊं लागल्या. देशोदेशींचे शेंकडों रुग्ण तिकडे गेले. २००६ सालीं तीन पाश्चात्य तज्ज्ञांनीं बीजिंगला गेलेल्या सात जणांची शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर तपासणी करून वृत्तांत प्रसिद्ध केला: उपयोगी अशी सुधारणा कोणांत दिसली नाहीं, मेंदूच्या आवरणाच्या दाहासारखे उपद्रव मात्र घडले. नाकाच्या त्वचेचा प्रयोग दिल्लीस, मेजर अहलुवालियांच्याच रुग्णालयांत, पाच रुग्णांवर करण्यांत आला. २००९ मध्यें तेथील डॉक्टरांनीं प्रांजलपणें लिहिलें कीं, शस्त्रक्रिया बऱ्याच अंशीं निर्धोक ठरली, पण तिच्यामुळें लाभ झाला असें दाखवितां येत नाहीं. २०१४ मध्यें अमेरिकेंतील शल्यविदांनीं एका तरुणीची हकीगत छापली. आठ वर्षांपूर्वीं रोंवलेली नाकाची त्वचा तिच्या कण्यांत गांठ होऊन वाढली होती आणि नाकाप्रमाणेंच शेंबूड तयार करीत होती. रोंवलेलें बीज जगलें. परंतु तें आपल्या जातीला अनुसरून जगलें.

अगदीं अलीकडची वार्ता जपानची आहे. तेथील सरकारनें २०१८ मध्यें रुग्णाच्या मज्जेंतील पेशींच्या एका उपचारास सात वर्षांच्या मुदतीची सशर्त परवानगी दिली. तिचा आधार अवघ्या तेरा रुग्णांचा होता, म्हणून अनेक शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. केओ विद्यापीठानें यामानाका पद्धतीच्या पेशी चौघांस दिल्या. पहिली शस्त्रक्रिया डिसेंबर २०२१ मध्यें झाली व निष्कर्ष मार्च २०२५ मध्यें जाहीर झाले: एकास उभें राहतां येऊं लागलें, एकाच्या कांहीं स्नायूंत हालचाल आली, दोघांत विशेष फरक नाहीं, गंभीर अपाय कोणास झाला नाहीं. वार्ता आशेची आहे. पण या चौघांची दुखापत दोन ते चार आठवड्यांचीच होती, आणि पहिल्या महिन्यांत निसर्गतःहि कांहींना थोडें बळ परत येतें. तुलनेसाठीं उपचाराविना ठेविलेला गट नसल्यामुळें निसर्गाचें श्रेय किती व पेशींचें किती, हें सांगतां येत नाहीं. पांच वर्षें खाटेवर असलेल्या पारोळ्याच्या मनुष्यास या प्रयोगानें अद्याप कांहींच वचन दिलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्याचें सर्वस्व गेलें त्यानें प्रमाणांची वाट किती पाहावी? हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. आशा विकत घेणारा मनुष्य पुष्कळदां लोभानें जात नाहीं. "आम्हीं मुलासाठीं करावयाचें कांहीं ठेविलें नाहीं," असें आईबापांस स्वतःशीं म्हणतां यावें, म्हणून घर त्यास पाठवितें. प्रेमाचा हा हिशेब खोटा नाहीं. म्हणूनच त्याचा गैरफायदा घेणें हें अधिक हीन होय. चरकानें वैद्याला भय घातलें होतें. आतां असाध्यावर उपचार करणाऱ्याची संपत्ति वाढते आणि ती रुग्णाच्या सातबाऱ्यावरून उतरते.

प्रयोग आणि व्यापार यांतील भेद ओळखण्यास वैद्यकीची पदवी लागत नाहीं. खऱ्या प्रयोगांत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहींत. कोणास घ्यावयाचें व कोणास नाहीं याचे नियम आधीं लिहिलेले असतात. आणि फळ आलें नाहीं तरी तें छापलें जातें, जसें दिल्लीकरांनीं छापलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक नियमांत रक्ताच्या कांहीं विकारांसाठींचें मूलपेशींचें प्रत्यारोपण तेवढें मान्य उपचार म्हणून धरिलें. कण्याच्या दुखापतीवरील उपयोग प्रयोगांतच मोडतो असें ठरविलें. जेथें आगाऊ रक्कम मागतात आणि बरे झालेल्यांचीं चित्रें दाखवितात, पण न झालेल्यांची संख्या सांगत नाहींत, तेथें प्रयोग चाललेला नाहीं, असें वाचकांनीं खुशाल समजावें.

शेत विकावयाचेंच असेल तर त्याच्या एका तुकड्यांत काय येतें, तेंहि सांगून ठेवितों. मापाची चाकाची खुर्ची, हवेची गादी, मूत्रनळ्यांचा नियमित पुरवठा, दाराशीं उतार, रुंद दाराचें शौचकूप, आणि पुनर्वसन केंद्रांत कांहीं महिन्यांचा मुक्काम, कीं जेथें रुग्ण आणि त्याची माणसें कूस बदलण्यापासून स्वतः खुर्चींत उतरण्यापर्यंत सारें शिकतील. धाब्याच्या घराचा उंबरठा फोडणें कित्येकांस अशुभ वाटेल. पण त्या उंबरठ्यावरून जो दोन वर्षें बाहेर पडलेला नाहीं, त्यास आठवड्याच्या बाजारापर्यंत जातां येऊं लागलें, तर त्याचें गांव त्यास परत मिळालें, असें आम्ही म्हणूं. उद्यां जपानांतून किंवा अन्य कोठून खरा उपाय आलाच, तर तो घेण्यास मनुष्य जिवंत पाहिजे, त्याचे सांधे मोकळे व त्वचा अभंग पाहिजे. गुटमाननें शिकविलेली सेवा ज्या घरानें चालविली, त्याच घराचा रुग्ण त्या दिवसापर्यंत पोंचेल.