बाळाचे जुलाब, रोटाव्हायरस आणि आपल्या शेजारचं वढू

जुन्नर-आंबेगावात बाळाला जुलाब लागले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दात येत असतील." पण दात येताना पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. त्यामागे अनेकदा रोटाव्हायरस असतो.

1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी हा विषाणू आजारी मुलांच्या आतड्यात पाहिला. तो चाकासारखा दिसतो. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. वासरांनाही याच कुळातल्या विषाणूंमुळे हगवण लागते.

1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांना एक वेगळी गोष्ट आढळली. काही नवजात बाळांच्या पोटात हा विषाणू होता, पण जुलाब नव्हते. पुढेही त्यांना गंभीर जुलाबांपासून संरक्षण मिळालं. त्या विषाणूत एक जनुक गाईच्या रोटाव्हायरसचं होतं! त्याच्यापासूनच रोटाव्हॅक लस तयार झाली.

2011 मध्ये तिची मोठी चाचणी सुरू झाली. ठिकाणं तीन: दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातलं वढू. एकूण 6,799 बाळं सहभागी झाली. लस घेतलेल्यांत पहिल्या वर्षी रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब निम्म्याहून कमी झाले. 2016 पासून ही लस टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली.

म्हणून 6, 10 आणि 14 आठवड्यांचे थेंब चुकवू नका. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतात. लस घेऊनही जुलाब झाले, तर ओआरएस द्या आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.