मुठीतले प्रक्षेपण केंद्र

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली की बिनतारी माइकच्या तक्रारीही सुरू होतात. रावेतसारख्या वस्तीत तर त्या हमखास ऐकू येतात. पवनेकाठचे हे गाव नव्वदच्या दशकाअखेर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले आणि पुढे तेथे उंच इमारती, शाळा, महाविद्यालये, मंगल कार्यालये दाटीने उभी राहिली. हाकेच्या अंतरावर एकाच संध्याकाळी दोन-तीन समारंभ चालू असतात. मग एखादी विद्यार्थिनी भाषणाला उभी राहावी आणि मध्येच तिचा आवाज तुटावा, खरखर सुरू व्हावी, किंवा तिच्या वाक्यात शेजारच्या कार्यालयातील जेवणाची सूचना मिसळावी, असे घडते. मुलगी गोंधळते, खाली बसते. दोष तिच्या पाठांतराचा नसतो, आणि पुष्कळदा माइक बिघडलेलाही नसतो.

मग असे का होते? आपण ज्याला बिनतारी माइक म्हणतो त्याचा फक्त वरचा, जाळीखालचा भाग माइक असतो. खालची मूठ हा रेडिओ प्रक्षेपक असतो. म्हणजे आपण विद्यार्थ्याच्या हाती एक छोटे आकाशवाणी केंद्रच देत असतो. हे एकदा ध्यानात आले की ते वापरण्याचे आणि सांभाळण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातून ते आपोआप समजतात. त्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान रावेतपासून जेमतेम १५ किलोमीटरवर, खडकीला लिहिले गेले.

खडकी आणि दौंड

१९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यामधील लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली. तोवर परदेशी तारा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जात. मार्कोनी कंपनीच्या नव्या पद्धतीत लहरी चहूकडे न उधळता झोताप्रमाणे एका दिशेला सोडल्या जात. भारतातील प्रक्षेपण केंद्र खडकीला होते. ग्राही केंद्र मात्र तेथे नव्हते. ते सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर, दौंडला होते. इंग्लंडमध्येही प्रक्षेपण टेटनीला आणि ग्रहण विन्थॉर्पला, अशी विभागणी होती.

दोन्ही यंत्रे एकाच आवारात ठेवली असती तर खर्च वाचला नसता का? वाचला असता, पण काम झाले नसते. हजारो किलोमीटरवरून येणारी लहर इतकी क्षीण झालेली असते की शेजारच्या प्रबळ प्रक्षेपकापुढे ती ऐकूच येत नाही. नगारखान्यात टिमकीचा आवाज कोठून कळणार? म्हणून बोलणारे यंत्र आणि ऐकणारे यंत्र यांच्यात अंतर राखणे हा बिनतारी तंत्राचा पहिला धडा ठरला.

आपल्या सभागृहातही हाच धडा लागू पडतो. माइकचा ग्राही संच टेबलावर असतो आणि निवेदक हातातला दुसरा माइक चालू ठेवून त्याच टेबलाला टेकून उभा राहतो. त्याचा प्रक्षेपक ग्राहीच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर, तर गाणारी मुलगी वीस मीटर दूर. अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाई होते. या हिशेबाने निवेदकाचा माइक मुलीच्या माइकपेक्षा कित्येक हजार पट प्रबळ ठरतो. चालू माइक अँटेनापासून किमान तीन मीटर दूर असावा. अँटेना श्रोत्यांच्या डोक्यांपेक्षा उंच, रंगमंच दिसेल अशा जागी आणि लोखंडी कपाटापासून लांब ठेवावी.

लहर कोणाची?

१९२७ मध्येच, २३ जुलैला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. प्रक्षेपक वाढू लागले तसा एक प्रश्न पुढे आला. जमीन मोजून वाटता येते, पण लहरी कशा वाटायच्या? एकाच लहरीवर दोघे बोलू लागले तर ऐकणाऱ्याला कोणाचेच धड कळत नाही. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी उपकरण विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा ठरवला. साधा रेडिओ ऐकण्यासाठीही परवाना काढून पोस्टात दरवर्षी शुल्क भरावे लागे, हे अनेक ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल.

या कायद्यामागे लहरींची शिस्त होती, तशी सत्तेची भीतीही होती. 'छोडो भारत' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर. (३०० ला मीटरमधील लांबीने भागले की मेगाहर्ट्झमधील वारंवारता मिळते. येथे ती सुमारे ७.१ येते. विद्यार्थ्यांकडून हा भागाकार जरूर करून घ्यावा.) प्रक्षेपक जेथे असेल तेथून लहर निघते, म्हणून तो शोधूनही काढता येतो. त्यामुळे या मंडळींना जागा वरचेवर बदलाव्या लागल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. या प्रकरणात शिकागो रेडिओचे नानिक मोटवानी यांनाही अटक झाली होती. स्वातंत्र्य चळवळीच्या सभांना माइक आणि कर्णे पुरवणारी हीच ती कंपनी.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, लहरींचे नियोजन करणारा 'वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन' हा सरकारी विभाग स्थापन झाला. कोणत्या पट्ट्याला परवाना लागतो आणि कोणता पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत मुक्त आहे, हे आजही तोच सांगतो. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला, तरी मूळ तत्त्व तेच आहे : लहर विकत घेतलेल्या यंत्राबरोबर मिळत नाही, ती सर्वांची असते.

रंगमंचावरचा प्रक्षेपक

बिनतारी माइकचा जन्मही थोडा चोरटाच आहे. १९४९ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे बर्फावरच्या 'अल्लादीन' या खेळात रेज मूर्स या तंत्रज्ञाने एका पात्राच्या पोशाखात छोटा प्रक्षेपक दडवला. घसरत फिरणाऱ्या नटाच्या मागे तार ओढणे शक्य नव्हते. यंत्र छान चालले, पण मूर्स यांनी पेटंट घेतले नाही. त्यांनी वापरलेली ७६ मेगाहर्ट्झची लहर विनापरवाना होती, मग अर्ज कोणत्या तोंडाने करणार? १९५३ मध्ये अमेरिकेतील शुअर कंपनीने 'व्हॅगाबाँड' हा बिनतारी माइक बाजारात आणला. त्यात अगदी लहान आकाराच्या निर्वात नळ्या होत्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र हलके झाले आणि लहरीही आखूड झाल्या. ७६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ चार मीटर, तर ६४० मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ४७ सेंटिमीटर. अँटेनाला लहरीच्या पाव लांबी पुरते. ती येथे १२ सेंटिमीटर होते, म्हणून अँटेना मुठीत मावते.

बहुतेक संचांत ही अँटेना माइकच्या शेपटाकडे असते. शेपूट मुठीत दाबून धरले की हाताचे पाणीदार स्नायू लहरी शोषून घेतात. उलट जाळीवर तळहात ठेवला तर मागून आत येणारा आवाज अडतो, माइकचा दिशेचा गुण बिघडतो आणि कर्णा शिट्टी मारू लागतो. म्हणून माइक मधोमध धरावा, हनुवटीखाली, तोंडापासून चार बोटांवर.

आखूड लहरीचा एक तोटाही आहे. भिंतीवरून परतलेली लहर आणि थेट आलेली लहर काही जागी एकमेकींना खोडतात. बोलणारा वीतभर सरकला की आवाज गडप होतो आणि आणखी वीतभर सरकला की परत येतो. दोन अँटेनांचे ग्राही यासाठीच असतात : एकीला लहर मिळाली नाही तर दुसरीला मिळते. त्यातली एक मोडली म्हणून काढून ठेवू नये. कार्यक्रमाआधी माइक हाती घेऊन, आकडे मोजत, सारा रंगमंच एकदा चालून पाहावा. जेथे आवाज तुटेल तेथे खडूने फुली मारावी.

एका आकाशात अनेक आवाज

शाळेकडे तीन माइक असतील तर ते समान अंतरावरच्या वारंवारतांवर लावण्याचा मोह होतो : ६४०, ६४१, ६४२. दिसायला नीटस, पण घातक. दोन प्रक्षेपक जवळ आले की त्यांच्या लहरींच्या मिश्रणातून नव्या वारंवारता निर्माण होतात. ६४१ ची दुप्पट १२८२. त्यातून ६४० वजा केले की उरतात ६४२, म्हणजे नेमका तिसरा माइक! ६४०, ६४१ आणि ६४२.५ असे विषम अंतर ठेवले तर हा घोटाळा टळतो. नववीच्या वर्गाला वजाबाकीचा याहून उपयुक्त दाखला कोठे मिळणार?

आणखी एक बदल शाळांनी लक्षात घ्यायला हवा. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेकडे गेल्या. अमेरिकेत तर या पट्ट्यातील माइकवर १२ जून २०१० पासूनच बंदी आहे. एकेकाळी उत्तम चाललेला संच आता अचानक खरखरू लागला, तर दुरुस्तीवर खर्च करण्याआधी त्याच्या पाठीवर छापलेली वारंवारता वाचावी. बिघडला असेल तो संच नव्हे, त्याच्या भोवतालचे आकाश. नवा किंवा वापरलेला संच घेतानाही हाच आकडा आधी पाहावा आणि सरकारी मान्यतेचा कागद मागावा. २.४ गिगाहर्ट्झचे संच मर्यादित शक्तीपर्यंत परवानामुक्त आहेत, पण त्या पट्ट्यात वाय-फायची गर्दी असते. अशा संचाचा ग्राही शाळेच्या राउटरशेजारी ठेवू नये.

निगा

माइकचे बहुतेक आजार बॅटरीतून सुरू होतात. दोन अल्कली सेलचे मिळून तीन व्होल्ट होतात, पुन्हा भारित करता येणाऱ्या दोन निकेल सेलचे २.४. त्यामुळे नव्याने भरलेले सेल घातले तरी दर्शक 'अर्धी' दाखवू शकतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. कार्यक्रम संपताच सेल काढावेत, कारण पाझरलेला सेल आतील पत्र्या खाऊन टाकतो. पत्र्यांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर खोडरबराने हलके घासावे.

जाळी बहुधा आट्यांची असते. ती उघडून आतला स्पंज सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावा आणि रात्रभर वाळवून मगच बसवावा. पाणी किंवा फवारा माइकच्या पडद्यावर कधीही मारू नये. आवाज येतो का हे पाहण्यासाठी फुंकर किंवा टिचकी मारू नये. पडदा नाजूक असतो, त्याच्याशी बोलावे. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि खडूची धूळ दूर राखावी.

खोडदचे कान

येथवर आपण आपल्या सभागृहाचाच विचार केला. पण लहर भिंतीशी थांबत नाही. चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेले की नारायणगावजवळ खोडद लागते. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण तेथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ती आकाश ऐकते. आपल्या माइकचे ६४० मेगाहर्ट्झ अगदी त्यातच येतात.

एक हिशेब करू या. माइकची शक्ती १० मिलिवॉट, म्हणजे वॉटचा शंभरावा भाग. ती २०० किलोहर्ट्झ रुंदीत पसरली आहे असे धरा. रावेतहून खोडद सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर आहे. मध्ये काहीच अडथळा नसता तर तेथे पोचणारी लहर सुमारे ११ कोटी जान्स्की भरली असती. जान्स्की हे रेडिओ खगोलशास्त्राचे एकक, आणि खगोलशास्त्रज्ञ ज्या दीर्घिकांचा अभ्यास करतात त्यांतील असंख्य दीर्घिकांची लहर एका जान्स्कीहूनही कमी असते. मधले डोंगर आणि पृथ्वीची वक्रता यांमुळे प्रत्यक्षात आपल्या माइकची लहर तेथवर जवळजवळ पोचत नाही. माणसाच्या यंत्रांची गजबज कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा म्हणूनच तर ही जागा निवडली गेली. पण जुन्नर तालुक्यातील एखाद्या शाळेच्या गच्चीवर हाच माइक चालू राहिला तर ते डोंगर मदतीला येतीलच असे नाही.

दौंडच्या ग्राहीला खडकीपासून दूर न्यावे लागले, तसेच खोडदच्या तबकड्यांना शहरापासून दूर जावे लागले. ऐकायचे असेल तर कोणीतरी गप्प बसावे लागते. म्हणून काम संपले की माइकची केवळ आवाजाची कळ बंद करून भागत नाही. ती बंद केली तरी बहुतेक संचांतून लहर निघतच राहते. मुख्य कळ बंद करावी. शाळेच्या प्रत्येक माइकवर त्याची वारंवारता लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. सेल केव्हा बदलले आणि स्पंज केव्हा धुतला याची नोंद एका वहीत ठेवावी, आणि हे काम आठवी-नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावे. संमेलनाच्या आठवडाभर आधी त्याच विद्यार्थ्यांनी शेजारच्या शाळेत आणि कार्यालयात जाऊन विचारून यावे : तुमचे माइक कोणत्या लहरीवर चालतात?